आधी त्याला काम काय दिलं होतं ते सांगा

२०२० चा हंगाम संपला तेव्हा अमेरिकी फुटबॉलमधल्या एकाच नवख्या खेळाडूबद्दल दोन निकाल लागले. व्यावसायिक फुटबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेने त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदितांच्या संघात घेतलं. प्रत्येक चाल पाहून गुण देणाऱ्या प्रो फुटबॉल फोकसने त्याच खेळाडूला, त्याच हंगामासाठी, त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांच्या यादीत जवळजवळ तळाशी टाकलं. हा खेळाडू म्हणजे बाल्टिमोर रेव्हन्सचा लाइनबॅकर पॅट्रिक क्वीन. वय २१. सामने तेच, चालीही त्याच. एका बाजूला दिसला उगवता तारा, दुसऱ्या बाजूला दिसला चुकून पहिल्या अकरात आलेला पोरगा. दोघांपैकी एक जण आंधळा होता असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

बाल्टिमोरच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांच्या रविवारच्या बैठकीत हा वाद मी अनेक हंगाम ऐकत आलोय. क्वीनवरून तो सुरू झाला, पुढे क्वीनच्या जागी आलेल्या ट्रेंटन सिम्पसनवर गेला, आणि प्रत्येक नव्या पोराच्या वेळी शब्दही न बदलता परत होतो. एक बाजू टॅकलचा, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला पाडण्याचा, आकडा पुढे करते, दुसरी हातातून निसटलेल्या टॅकलची दृश्यं दाखवते, आणि संध्याकाळपर्यंत दोघंही आपापल्या जागी असतात. माझं म्हणणं सरळ आहे. तरुण लाइनबॅकर पहिल्या अकरात शोभतो की नाही, हे त्याला दिलेल्या कामापासून तोडून ठरवता येत नाही. आणि पहिल्या दोन वर्षांत त्याने किती चुका केल्या यापेक्षा तीच चूक तो पुन्हा करतो की त्याच्या चुका बदलत जातात, याला जास्त वजन द्यायला हवं. या दोन गोष्टी न पाहता दिलेला निकाल हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि संघासाठी तो महागडा अंदाज आहे.

आधी लाइनबॅकर करतो काय ते नीट पाहू. बचावाची पहिली फळी चेंडूच्या समोर गुडघे वाकवून बसलेली असते, तीन-चार अवाढव्य माणसं. सर्वात मागे सेफ्टी. या दोघांच्या मधे, चेंडूपासून चार-पाच यार्डांवर, लाइनबॅकर उभा असतो. चेंडू मागे गेला की पळ येणार (चेंडू हातात घेऊन धावणं) की पास (चेंडू फेकणं), हे त्याला डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात ठरवावं लागतं. पळ असेल तर पुढे धावून आपल्या वाट्याची फट बुजवायची. पास असेल तर मागे वळून दहा-बारा यार्डांवर, कोणी पाठीमागून निसटत नाही हे पाहत, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या नजरेच्या वाटेत उभं राहायचं. दोन्ही कामांची दिशा अगदी उलटी. समोरचा संघ नेमकं हेच हेरतो. माझा मुलगा हायस्कूलच्या संघात याच जागेवर खेळतो. एकदा वरून घेतलेलं, मैदानावरचे बावीसही जण दिसणारं चित्रण आम्ही पाहत होतो. मी म्हटलं, "अरे, चेंडू तर त्याच्या समोरच होता, कसा फसला?" तो म्हणाला, "बाबा, तू बॉलकडे बघतोयस. गार्डकडे बघ." मग त्याने तेच दृश्य चार वेळा मागे नेलं. गार्डने, म्हणजे समोरच्या संघाच्या अडवणाऱ्या फळीतल्या माणसाने, पळाच्या चालीसारखा खांदा खाली टाकला होता. क्वार्टरबॅकने चेंडू धावणाऱ्या खेळाडूच्या, रनिंग बॅकच्या, पोटाशी नेऊन परत ओढून घेतला. लाइनबॅकर दोन पावलं पुढे आला, फक्त दोन. तेवढ्यात पास झेलणारा टाइट एंड त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पोहोचला आणि अठरा यार्ड गेले. एक पाऊल पुढे आला असता तर वळून पोहोचला असता. एका पावलाच्या त्या फरकात या जागेवरची अर्धी विद्या आहे, आणि कोणत्याही आकडेवारीच्या रकान्यात ते पाऊल सापडत नाही.

टॅकलच्या आकड्याने म्हणूनच माझं समाधान होत नाही. क्वीनने पहिल्याच हंगामात १०६ टॅकल केले, संघात सर्वाधिक. त्याच्या आदल्या वर्षी पिट्सबर्ग स्टीलर्सच्या नवख्या डेव्हिन बुशने १०९ केले होते. स्टीलर्स ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत, विसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर चढले होते ते याच मुलासाठी, पुढच्या निवडी मोजून. त्या वर्षी पिट्सबर्गमध्ये बुशबद्दल कोणाला शंका नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, परतल्यावर तो तसा खेळला नाही, आणि २०२२ मध्ये संघाने त्याच्या करारातलं वाढीव वर्ष नाकारलं. दुखापतीचा दोष आकड्याला देता येत नाही, हे मान्य. पण १०६ आणि १०९ हे जवळजवळ सारखे आकडे दोन मुलांच्या पुढच्या वाटेबद्दल काहीच सांगू शकले नाहीत, हेही खरं. टॅकल ही एनएफएलची, म्हणजे या व्यावसायिक लीगची, अधिकृत नोंदसुद्धा नाही. यजमान संघाची नोंदणी करणारी माणसं वरच्या कक्षात बसून ती मोजतात, आणि ढिगात कोणाचा हात आधी लागला हे त्यांच्या नजरेवर सोपवलेलं असतं. तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, सात यार्ड हवे असताना नऊ यार्डांवर केलेला टॅकल म्हणजे हार, पण नोंद होते एक. तिसऱ्या डाउनला दोन यार्ड हवे असताना रेषेवरच अडवलेला टॅकल म्हणजे समोरच्यांना मैदानाबाहेर पाठवणं, त्याचीही नोंद एकच. कबड्डी खेळलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागू नये. कोपऱ्याने घोटा धरला, कव्हरने धडक दिली, साखळीने चढाईपटूला मैदानातच जखडून ठेवलं. गुण कोणाच्या नावावर लिहायचा? वहीत एक नाव जातं, पण पकड चौघांची असते.

तरी आकड्याच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती लहान नाही. १०६ टॅकल करायला मैदानावर असावं लागतं. क्वीन बाल्टिमोरच्या चार हंगामांत लीगच्या एकाही साखळी सामन्याला मुकला नाही. ज्या जागेवर प्रत्येक चालीत कोणीतरी दीडशे किलोचा माणूस अंगावर येतो, तिथे दर रविवारी हजर राहणं ही गुणवत्ताच आहे. चेंडूपर्यंत पोहोचणं हीसुद्धा गुणवत्ता आहे. जो मंद आहे त्याचे टॅकल निसटत नाहीत, कारण तो तिथपर्यंत पोहोचतच नाही. निसटलेल्या टॅकलची दृश्यं दाखवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. क्षेत्ररक्षक झेल सोडतो तेव्हा हळहळ वाटते, पण त्या चेंडूला हात लावू शकणारा मैदानावर तो एकटाच होता, हेही पाहिलंच पाहिजे.

दुसरी बाजू, म्हणजे चित्रण पाहून गुण देणाऱ्यांची, जास्त मजबूत आहे. ते चाल चालीसारखी पाहतात. निसटलेला टॅकल, चुकीच्या फटीत घातलेलं पाऊल, पासवर सोडलेला माणूस, सगळं त्यांच्या हिशेबात येतं. क्वीनच्या पहिल्या वर्षातल्या चुका त्यांनी काढल्या त्या काल्पनिक नव्हत्या. तो पळावर आंधळेपणाने उडी घ्यायचा, अडवायला आलेल्या माणसाला बगल देण्याऐवजी त्याच्यात अडकायचा, पासवर हरवायचा. बाल्टिमोरचं प्रत्येक घर हे पाहत होतं. पण गुण देणाऱ्याला मैदानावर दिलेला आदेश ऐकू येत नाही. ती फट क्वीनचीच होती का? की पुढच्या फळीतल्या माणसाने आपली फट सोडली म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली? बचावाचा तेव्हाचा सूत्रधार प्रशिक्षक डॉन मार्टिनडेल ब्लिट्झ पाठवण्यासाठी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकवर सोडण्यासाठी, ओळखला जायचा. ज्या चालीत पाच-सहा जण क्वार्टरबॅकवर सोडले जातात तिथे मागे उरलेल्यांच्या वाट्याला मैदानाचा केवढा तुकडा येतो? गुणपत्रिकेत या प्रश्नांसाठी जागा नाही. ती सांगते की पेपर किती चुकला. पेपर किती अवघड होता आणि तो मुलाला केव्हा हातात दिला, हे सांगत नाही.

आणि तो पेपर कधी दिला होता, हे आठवावं. क्वीन लुइझियाना राज्य विद्यापीठातून आला. हायस्कूलमध्ये तो रनिंग बॅक होता. कॉलेजात मुख्य लाइनबॅकर म्हणून त्याला एकच हंगाम मिळाला, तो २०१९ चा. त्याचा संघ अजिंक्य राहिला आणि अंतिम सामन्यात बचावातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. एप्रिल २०२० मध्ये रेव्हन्सने त्याला २८ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. महामारी तेव्हा सुरू झालेली होती. वसंतातली सराव शिबिरं पडद्यावर झाली, आणि हंगामापूर्वीचे सगळे सराव सामने रद्द झाले. म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधली त्याची पहिली चाल थेट खऱ्या सामन्यात झाली, आणि तीही माइकच्या जागेवर. माइक म्हणजे मधला लाइनबॅकर, बचावाची रचना लावून देणारा. प्रशिक्षकाचे आदेश ऐकवणारा हेल्मेटमधला रेडिओ रेव्हन्सने तेव्हा त्याच्याकडे दिला नव्हता, तो सेफ्टी चक क्लार्ककडे होता. हा रेडिओ बचावातल्या एकाच माणसाकडे असतो, त्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका लावलेला असतो, आणि चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर समोर जे बदलेल ते माणसाने स्वतःच्या डोक्याने हाताळायचं. रेडिओ क्लार्ककडे ठेवला यावरून संघालाही कळत होतं की मुलाच्या डोक्यावर जास्त ओझं आहे. तरी मधली जागा त्यालाच दिली.

मग २०२१ च्या हंगामात जे झालं ते माझ्या दृष्टीने या सगळ्या वादातलं सर्वात बोलकं प्रकरण आहे, आणि नेमकं त्याचंच नाव बैठकीत कोणी घेत नाही. रेव्हन्सने जॉश बाइन्स नावाच्या ३२ वर्षांच्या जुन्या माणसाला परत बोलावलं. बाइन्स २०१२ च्या हंगामातल्या सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजेत्या संघात होता, शेवटच्या चालीत प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणाऱ्यांत होता. त्याचा वेग राहिला नव्हता, पण वाचन होतं. मधली जागा बाइन्सला दिली आणि क्वीनला एका बाजूला सरकवलं, विलच्या जागेवर. विल म्हणजे समोरच्यांची माणसं कमी असलेल्या बाजूचा लाइनबॅकर. त्याला रचना लावायची नसते, अंगावर धावून येणारे अडवणारे कमी असतात, आणि पहा-धाव-पकड हे काम जास्त असतं. खेळाडू तोच, हंगाम तोच, सूत्रधार तोच, पुढची फळीही तीच. बदलली एकच गोष्ट: काम. आणि क्वीन सुधारला. सप्टेंबरात जो मुलगा हरवलेला दिसायचा तो नोव्हेंबरात चेंडूवर झेपावताना दिसू लागला. प्रयोगशाळेतसुद्धा एवढा स्वच्छ प्रयोग सहज होत नाही. त्या महिनाभरात मुलाची गुणवत्ता बदलली होती का? की आपण तोवर त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो?

यावर ठरलेलं उत्तर येतं: क्वीनला रोक्वान स्मिथने घडवलं. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी रेव्हन्सने शिकागो बेअर्सकडून स्मिथला आणलं आणि त्यानंतर शेजारचा क्वीन चमकला, ही गोष्ट बाल्टिमोरात लोककथेसारखी सांगितली जाते. यात तथ्य भरपूर आहे. २०२३ मध्ये हिरवा ठिपका स्मिथच्या हेल्मेटवर होता, रचना तो लावायचा, आणि क्वीन मोकळ्या मनाने धावायचा. त्या वर्षी क्वीनने १३३ टॅकल केले आणि ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, दुसऱ्या संघात त्याची निवड झाली. रेव्हन्सचा बचाव सर्वात कमी गुण देण्यात, सर्वात जास्त सॅकमध्ये (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं) आणि सर्वात जास्त चेंडू हिसकावण्यात, तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. पण या कथेचा क्रम चुकतो. सुधारणा बाइन्सच्या वेळी, म्हणजे स्मिथ यायच्या वर्षभर आधी सुरू झाली होती. स्मिथने ती पक्की केली. शिवाय चांगल्या शेजाऱ्यामुळे चमकला म्हणजे स्वतःचं काही नाही, हा निष्कर्ष कुठून निघतो? स्वतः रे लुइसकडे पाहा. १९९६ मध्ये याच संघाने त्याला २६ व्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षी संघ ४ सामने जिंकला, १२ हरला, आणि बचावाने ४४१ गुण दिले. या खेळातला कदाचित सर्वश्रेष्ठ मधला लाइनबॅकर मैदानात होता, तरीही. २००० मध्ये त्याच्याच बचावाने १६ सामन्यांत १६५ गुण दिले, सोळा सामन्यांच्या हंगामांतला तो विक्रम आहे. त्या चार वर्षांत लुइस अर्थातच वाढला. पण टोनी सिरागुसा आणि सॅम अॅडम्स हे दोन पहाड त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिले होते, ते अडवणाऱ्यांना गुंतवून ठेवायचे आणि लुइसकडे येणारी वाट मोकळी राहायची. त्या दोघांमुळे लुइस लहान झाला असं बाल्टिमोरमध्ये कोणी म्हणत नाही. मग स्मिथमुळे क्वीन का लहान होतो?

आपल्याकडचं उदाहरण एकनाथ सोलकरचं. २७ कसोटी, सरासरी पंचवीसच्या आसपास, १८ बळी. एवढंच वाचलं तर माणूस साधारण वाटतो. पण डोक्यावर काही न घालता बहुतेक वेळा फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभं राहून त्याने ५३ झेल घेतले, आणि १९७१ मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर अॅलन नॉटचा जमिनीलगत झेपावून घेतलेला झेल ती पिढी अजून विसरलेली नाही. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट नसते तर तिथे झेल आलेच नसते. सोलकर नसता तर ते झेल जमिनीवर पडले असते. त्याला सीमारेषेवर उभं केलं असतं तर तो निम्मासुद्धा दिसला नसता. म्हणून सोलकर मोठा क्षेत्ररक्षक होता का, याचं उत्तर द्यायला आपण कधी अडखळलो नाही. कारण तो कुठे उभा राहायचा हे आपल्याला ठाऊक होतं.

आता विरोधकांचा आणखी एक मुद्दा, जो मला बराच काळ सतावत होता. खरे मोठे खेळाडू पहिल्या दिवसापासून दिसतात, असं ते म्हणतात. कॅरोलायनाचा ल्यूक कीकली २०१२ मध्ये आला आणि पहिल्याच वर्षी लीगमध्ये सर्वाधिक टॅकल करून सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. पुढच्या वर्षी सर्वोत्तम बचावपटू. इंडियानापोलिसचा शकील लेनर्ड २०१८ मध्ये पहिल्याच हंगामात १६३ टॅकल करून ऑल-प्रोच्या पहिल्या संघात गेला. हे दोघं होते, आणि असे पुढेही येतील. पण कीकलीची सुरुवात मधल्या जागेवर झाली नव्हती. बाजूच्या जागेवर तो काही सामने खेळला, आणि अनुभवी जॉन बीसन जखमी झाल्यावर मधे आला. लेनर्डचं काय झालं? पाठीच्या आणि नसांच्या दुखण्याने त्याचा वेग गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संघाने त्याला सोडलं. लवकर लागलेला निकालही कायमचा नसतो. उलट फ्रेड वॉर्नर पाहा. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला तिसऱ्या फेरीत, ७० व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षीपासून तो खेळत होता, पण ऑल-प्रो झाला २०२० मध्ये, तिसऱ्या हंगामात. रोक्वान स्मिथही तिसऱ्या हंगामातच पहिल्यांदा ऑल-प्रोच्या यादीत आला. क्वीनला चार लागले. तीन जणांवरून नियम काढणार नाही मी. पण पहिल्या वर्षाच्या डिसेंबरात "हा चालत नाही" म्हणणाऱ्यांना हे दोघं-तिघं दाखवावेसे वाटतात.

"संघ थांबू शकत नाही, रविवारी जिंकायचं असतं," असंही ऐकतो. हे खरंच आहे, आणि कोणी थांबायला सांगतही नाही. मुलाला बाजूच्या जागेवर सरकवणं, तिसऱ्या डाउनला बाहेर काढणं, पास बचावातून त्याला काही काळ सोडवणं, हे सगळे रविवारी जिंकण्याचेच उपाय आहेत. बाइन्सला आणलं तेव्हा रेव्हन्सने सामने सोडून दिले नव्हते.

सगळ्यात अवघड मुद्दा पिट्सबर्गचा आहे, आणि त्याला मी बगल देणार नाही. मार्च २०२४ मध्ये क्वीन तीन वर्षांच्या ४ कोटी १० लाख डॉलरच्या करारावर स्टीलर्सकडे गेला. तिथे हिरवा ठिपका त्याच्या हेल्मेटवर आला. बचावाचा मेंदू आता तो होता, शेजारी स्मिथ नव्हता. टॅकल भरपूर झाले, पण संवाद तुटल्याच्या तक्रारी आल्या, निसटलेले टॅकल पुन्हा दिसू लागले, आणि पिट्सबर्गच्या चाहत्यांचा धीर सुटला. आमच्या बैठकीत याचा आनंदच झाला: "बघा, बाल्टिमोरने सोडला ते बरोबरच होतं." मीही मान्य करतो की मधल्या जागेवर, रेडिओसह, क्वीन मोठा खेळाडू ठरलेला नाही. माझ्या कसोटीनेही इथे त्याच्या विरुद्ध निकाल लागतो: मधल्या जागेवर पहिल्या वर्षी जी चूक होती ती चार-पाच वर्षांनी त्याच जागेवर पुन्हा दिसली. पण मग याने सिद्ध काय झालं? बाजूच्या जागेवर ऑल-प्रो, मधल्या जागेवर साधारण, असा हा निकाल आहे. तो स्पष्ट आहे, उपयोगी आहे, आणि कामाचा उल्लेख केल्याशिवाय तो मांडताच येत नाही. स्टीलर्सने क्वीनचं बाल्टिमोरमधलं काम विकत घेतलं आणि त्याला दुसरंच काम दिलं. विळी उत्तम धारेची आहे म्हणून तिच्याने नारळ फोडायला घेतला आणि मग विळीलाच बोल लावला.

आणि बाल्टिमोरने त्याला सोडलं, हा तरी गुणवत्तेचा निकाल होता का? मे २०२३ मध्ये संघाने त्याच्या करारातलं पाचवं वर्ष नाकारलं. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूबद्दल हा निर्णय तिसऱ्या हंगामानंतर घ्यावा लागतो, आणि क्वीनसाठी किंमत होती सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर. अलीकडच्या नियमांमुळे हे पैसे होकार दिला त्या क्षणापासून पूर्ण हमीचे होतात. शिवाय ही किंमत ठरते ती लाइनबॅकर या एकाच नावाखाली, आणि त्या नावात क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे, जास्त पगाराचे बाहेरचे लाइनबॅकरही येतात. त्याच जानेवारीत स्मिथला पाच वर्षांचे १० कोटी डॉलर दिले गेले होते. एकाच संघाने दोन आतले लाइनबॅकर एवढ्या भावाने ठेवायचे का, हा घरखर्चाचा प्रश्न होता. चाहत्यांनी त्याचा अर्थ "संघालाही पटत नाही" असा लावला, आणि त्याच हंगामात तो ऑल-प्रो झाला.

हे सगळं मी पुन्हा मांडतोय ते सिम्पसनमुळे. त्याला २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत घेतलं होतं. क्लेमसन विद्यापीठात तो आधी बाहेरच्या बाजूला, पास झेलणाऱ्यांच्या अंगावर खेळायचा. आतल्या जागेवर तो एकच हंगाम खेळला. पहिलं वर्ष बाकावर गेलं. २०२४ मध्ये क्वीन गेल्यावर पहिल्या रविवारपासून त्याला स्मिथच्या शेजारी उभं केलं, आणि हंगामाच्या अखेरीस जागा काढून घेतली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्या दिवशी बैठकीत समोसे संपायच्या आत निकाल लागला: "हाही गेला." मी विचारलं, कोणत्या चुकीमुळे? सप्टेंबरात पासवर मागे फिरताना जी चूक होत होती तीच नोव्हेंबरात होती, की दुसरी? पळावर तो उशिरा पोहोचत होता, की पोहोचून निसटत होता? क्वीनला जे सोपं करून दिलं होतं ते याला कोणी करून दिलं? एवढी वर्षं रेव्हन्स पाहणारी माणसं होती खोलीत. कोणालाही सांगता आलं नाही, मलाही नाही. रात्री घरी आल्यावर मुलाने सप्टेंबरचा पहिला सामना लावला आणि आम्ही दोघं वरून घेतलेल्या चित्रणात त्याचं पहिलं पाऊल मोजत बसलो.